घरी दुरुस्त केलेला मोबाईल चार्ज होईना, तर काय पाहावे?

जुन्या नाशकात भद्रकाली, दूध बाजार या भागांतील छोट्या व्यापाऱ्याचा बराचसा गल्ला आता मोबाईलमध्ये असतो. यू.पी.आय. २०१६ साली सुरू झाले; आज फोन चार्ज झाला नाही तर गिऱ्हाईक समोर उभे असूनही पैसे घेता येत नाहीत. म्हणून महात्मा गांधी रोडवरून चार्जिंग बोर्ड आणून तो घरीच बसविणारे पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, हात बसलेल्या कारागिराला ते जमतेही. मात्र फोन मिटवून चार्जर लावावा आणि काहीच होऊ नये, म्हणजे नवा भागच खराब निघाला असे धरून लोक दुकानदाराशी भांडायला जातात. आमचा अनुभव असा की, दोष बहुधा भागात नसून जोडणीत असतो.

प्रथम दुसऱ्या फोनवर चालणारा चार्जर व केबल लावून पाहावी. बॅटरी पार उतरली असेल तर स्क्रीन लगेच उजळत नाही. अर्धा तास थांबावे. बॅटरीत थोडा जीव असेल तर एक कॉल करावा. पुष्कळ फोनमध्ये माईकही चार्जिंग बोर्डावरच असतो आणि तो बोर्ड एका चपट्या पट्टीने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. कारागीर तिला फ्लेक्स म्हणतात. चार्जिंग नाही आणि आपला आवाजही पलीकडे जात नाही, तर पट्टीचे टोक नीट बसलेले नाही असे समजावे. आवाज जातो, पण चार्जिंग नाही, तर संशय जॅकवर.

टाईप-सी केबल एका बाजूने लावली तर चालते, उलटी लावली तर नाही, असेही होते. फोन जोडल्याची खूण चार्जरला देणारे दोन बारीक संपर्क या जॅकमध्ये असतात. त्यांतील एकाचा टाका सुटलेला असतो. चार्जिंग फारच सावकाश होत असेल तर मात्र बोर्ड पाहावा. स्वस्त नकली बोर्डावर जलद चार्जिंगचे भाग कित्येकदा नसतातच. बॅटरी बदलल्यावर तापमानाची सूचना येत असेल, तर बॅटरीची जोडणी तपासावी. तिच्यात तापमान कळविणारा एक वेगळा संपर्क असतो. तो तुटला की फोन चार्जिंग नाकारतो.

आमचीच एक चूक सांगतो. फोन मिटवताना लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला आणि मुख्य बोर्डाच्या आतल्या रेषा कापून बसला. शरमेपोटी आम्ही फोन उघडल्याचे उस्तादांना सांगितले नाही. त्यांचे दोन दिवस बॅटरी आणि जॅक तपासण्यात गेले. पुढे स्क्रू काढताच त्यांना सारे कळले. ते रागावले नाहीत, पण मजुरी पूर्ण घेतली, आणि ती रास्तच होती.

फोन उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी, नाहीतर चिमट्याच्या एका स्पर्शाने बोर्ड शॉर्ट होतो. बॅटरी फुगलेली दिसली तर ती उचकटू नये, टोचू नये. लिथियम बॅटरी पेट घेते. तो फोन तसाच उस्तादांकडे न्यावा. आणि मागचे झाकण चिकटविण्यापूर्वी एकदा चार्जर लावून पाहावा.