साथीच्या काळात डॉक्टरकी सोडावीशी का वाटते?

साथ आली की डॉक्टरांसाठी थाळ्या वाजतात, रुग्णालयांवर पुष्पवृष्टी होते. मात्र त्याच दिवसांत वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत 'हे शिक्षण आता पुरे' हा विचार अनेकांच्या मनात घोळत असतो. संसर्गाच्या भीतीने मुले कच खातात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. करोनाकाळाचा अनुभव पाहता भीतीपेक्षा निराळीच कोंडी त्यामागे दिसते. साथ विद्यार्थ्याला विद्यार्थी राहू देत नाही आणि डॉक्टरचा मानही देत नाही.

मीरा रोडचे उदाहरण घेता येईल. येथील मुलांना एमबीबीएससाठी बहुधा मुंबईच गाठावी लागते. विलेपार्ल्याचे कूपर, मुंबई सेंट्रलजवळचे नायर, परळचे केईएम ही त्यांची महाविद्यालये, आणि तेथे नेणारी लोकल हीच त्यांची जीवनवाहिनी. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून ती थांबली आणि १५ जूनला सुरू झाली तीही केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. ज्यांना वॉर्डात काम होते त्यांच्यापुढे दोनच पर्याय उरले : वसतिगृहात राहायचे किंवा घरच्यांना धोक्यात घालायचे. दोन खोल्यांच्या घरात आजी-आजोबा असतील तर कोविड वॉर्डातून परतलेल्या मुलाने विलगीकरणात राहायचे कोठे? धाकट्या वर्गांतील मुले घरीच अडकली. शरीररचनाशास्त्र मोबाइलच्या पडद्यावर शिकता येत नाही, हे त्यांना आणि त्यांच्या शिक्षकांनाही ठाऊक होते.

सर्वांत मोठी ओढाताण झाली ती निवासी डॉक्टरांची. लोक त्यांना डॉक्टर म्हणतात, पण कागदोपत्री ते पदव्युत्तर विद्यार्थी असतात. शस्त्रक्रिया शिकण्यासाठी त्यांना तीन वर्षे मिळतात. एप्रिल २०२० मध्ये नायर रुग्णालय संपूर्णपणे करोनासाठी राखून ठेवण्यात आले. तेथील नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या आणि भावी शल्यविशारद महिनोन्‌महिने पीपीई किट घालून प्राणवायूची पातळी नोंदवू लागले. ते काम आवश्यक होते, याविषयी दुमत नाही. परंतु हाती चाकू न धरता शल्यचिकित्सकाची पदवी घेणे म्हणजे काय, याची जाणीव सर्वांत आधी त्या विद्यार्थ्यालाच होते. इतर रुग्णसेवा पूर्ववत करा, ही निवासी डॉक्टरांची मागणी या अस्वस्थतेतूनच आली होती.

त्यात परीक्षांचे वेळापत्रक कोलमडले. १८ एप्रिल २०२१ रोजी होणारी नीट-पीजी परीक्षा दुसऱ्या लाटेमुळे लांबली आणि ११ सप्टेंबरला झाली. पुढे आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्याने प्रवेशफेऱ्या जानेवारी २०२२ मध्येच सुरू होऊ शकल्या. परिणामी कित्येक महिने रुग्णालयांत पहिल्या वर्षाची तुकडीच नव्हती आणि तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांवर पडले. इकडे ३ मे २०२१ रोजी केंद्राने अंतिम वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांनाही सौम्य रुग्णांच्या देखरेखीसाठी व दूरध्वनी सल्ल्यासाठी वापरण्याची मुभा दिली. त्यांच्या पुढची पायरी इंटर्नची. राज्यातील शासकीय महाविद्यालयांत त्याचे विद्यावेतन २०१९ मध्ये महिना ६ हजारांवरून ११ हजार रुपये झाले होते. जोखीम डॉक्टरची आणि हातात पडणारी रक्कम ही! घरचे शैक्षणिक कर्ज मात्र साथ पाहून थांबत नाही.

मग प्रत्यक्षात किती जण सोडतात? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने माहिती अधिकाराखाली दिलेल्या आकडेवारीनुसार, करोनाकाळ ज्यात मोडतो अशा पाच वर्षांत देशभरात १,१६६ जणांनी वैद्यकीय शिक्षण सोडले. त्यांपैकी केवळ १६० एमबीबीएसचे होते. उरलेले १,००६ पदव्युत्तर. देशातील एकूण विद्यार्थिसंख्या पाहता हा आकडा लहान वाटतो, पण तो फसवा आहे. अनेक राज्यांत जागा सोडणाऱ्यास लाखो रुपयांचा दंड भरावा लागत असे. मूळ कागदपत्रे महाविद्यालयाकडे, दंडाची टांगती तलवार डोक्यावर आणि घरात 'आमचा डॉक्टर' म्हणून मिरवणारे नातेवाईक. अशा स्थितीत सोडण्याचा विचार करणारा बहुतेकदा सोडत नाही. तो गप्प बसतो. पदवीपूर्व विद्यार्थी बारावीनंतर लगेच आलेला असतो, त्याला दुसरी वाटही दिसत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हातात निदान एमबीबीएस असते. आकड्यांतील तफावतीचे एक कारण हेही असावे.

या गप्प बसण्याची किंमत आयोगाच्याच कृती दलाने २०२४ मध्ये मांडली. त्याच्या ऑनलाइन पाहणीत ३१ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नको आणि एक दिवस सुटी हवी, अशी शिफारस त्या दलाने केली. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने राज्यांना जागा सोडण्याचा दंड रद्द करण्याविषयी कळविले होते. दंडाची भीती विद्यार्थ्यांचा ताण वाढविते आणि त्यांना मदत मागण्यापासूनही रोखते, असे कारण आयोगाने तेव्हा दिले होते.