ओबेसिदादे म्हणजे लठ्ठपणा!

स्पेनच्या वायव्येला गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. तिथली गॅलिशियन आणि शेजारची पोर्तुगीज मध्ययुगात एकच भाषा होती. आज भाषा दोन, पण लठ्ठपणाला शब्द एकच, स्पेलिंगही तेच. फक्त गॅलिशियनमध्ये मधला 'स' तसाच राहतो, पोर्तुगीजमध्ये त्याचा 'झ' होतो. शेवटचं 'दादे' म्हणजे आपलं 'पणा'. मूळ लॅटिन शब्द 'ओबेसुस', म्हणजे खाऊन खाऊन लठ्ठ झालेला! शब्दानेच सगळा दोष खाण्यावर टाकलाय. पण आनुवंशिकता, हार्मोन्स, अपुरी झोप, काही औषधं यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून मला वाटतं, मेसमध्ये कुणाला 'जाड्या' म्हणून चिडवण्याआधी थोडा विचार करावा. शब्द दोन हजार वर्षं जुना आहे, विज्ञान पुढे गेलंय. आपणही जाऊया!