पैसे घ्यायला पिन लागत नाही

मागच्या वेळी आपण उन्हाळी वाळवणांबद्दल बोललो होतो. आजचा विषयही त्या वाळवणांवरूनच निघाला आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंनी पापड-कुरडयांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकले. दुसऱ्याच दिवशी फोन आला. माणूस गोड बोलत होता. म्हणाला, मी लष्करात आहे, आमच्या मेसला वीस किलो पापड पाहिजेत. भाव विचारला नाही, घासाघीस केली नाही. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती, वीस किलो घेणारं गिऱ्हाईक भाव केल्याशिवाय राहतं का? पण मोठी ऑर्डर आली की आपलं मन हरखून जातं. त्याने एक चौकोनी कोड पाठवला आणि म्हणाला, "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." ताईंनी तो कोड मुलाच्या मोबाईलवर उघडला, आपल्या मोबाईलने स्कॅन केला, पिन टाकला. चार हजार आठशे रुपये गेले. "चूक झाली, पुन्हा करा, दोन्ही परत येतील," असं तो म्हणाला. पुन्हा तेवढेच गेले.

आता हे नीट समजून घेऊ. बँकेत पैसे भरायला आपली सही लागत नाही, कुणीही आपल्या खात्यात भरू शकतं. काढायच्या स्लिपवर मात्र सही लागते. यूपीआयचा पिन म्हणजे ती काढायची सही. कोड स्कॅन करणं म्हणजेसुद्धा पैसे देणं. त्यामुळे कुणी "पैसे घ्यायला पिन टाका" म्हणालं, की तो माणूस खोटा. मग तो लष्करातला असो, बँकेतला असो, नाहीतर अनुदान देणारा साहेब असो.

ताईंनी पुढे जे केलं, ते आपल्यातल्या बहुतेकींनी केलं असतं. त्या गप्प बसल्या. घरी कळलं तर मोबाईल काढून घेतील, "तुला कुणी सांगितलं होतं धंदा करायला" म्हणतील, ही भीती. त्यात ते पैसे गटाच्या कर्जाच्या हप्त्यासाठी ठेवलेले. चार दिवसांनी बैठकीत रडू कोसळलं तेव्हा आम्हाला कळलं. तोवर उशीर झाला होता. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतो आणि काढून घेतो. ते काढायच्या आत तक्रार गेली, तर बँक ती रक्कम अडवून ठेवू शकते. म्हणून पैसे गेल्याचं कळताच १९३० हा नंबर लावायचा. तो सरकारी आहे. बँकेचं नाव, खाते नंबर, किती वाजता किती गेले आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर जवळ ठेवायचा. मग आपल्या बँकेलाही लगेच कळवायचं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. आपण काहीही न करता खात्यातून पैसे गेले असतील, तर बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. रडायचं असेल तर फोन झाल्यावर रडा.

ज्यांच्याकडे साधा मोबाईल आहे, त्यांनी आपल्याला काय त्याचं, असं समजू नका. बँकमित्राच्या मशीनवर आपण अंगठा लावतो ना? "नाही झालं, पुन्हा लावा," असं तो म्हणाला तर आधी पावती मागा. पहिल्यांदा झालं नाही, त्याचीही पावती मागा. पुढच्या वेळी पासबुकात नोंद करून घ्या. हा आमच्याकडे जुना अनुभव आहे. आधारचा अंगठा आपल्याला कुलूपबंदही करता येतो. लागेल तेव्हा उघडायचा. त्याची माहिती १९४७ वर मिळते.

लग्नसराईत आणखी एक प्रकार चालतो. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते, नावाच्या शेवटी एपीके असं लिहिलेलं असतं. पत्रिका फोटोत नाहीतर पीडीएफमध्ये येते, एपीके म्हणजे अॅप. ते उघडून बसवलं की बँकेचे मेसेज, ओटीपी परस्पर चोराला दिसू शकतात. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, त्यांचाच मोबाईल आधी फसलेला असतो. व्हिडिओवर पोलिसाच्या वेषात कुणी "तुम्हाला डिजिटल अटक केली" म्हणालं, तर सरळ फोन ठेवा. अशी अटक कायद्यात नाही.

बाजारात बसणाऱ्यांनी गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर माल देऊ नये. तसं चित्र कुणीही बनवतं. आपल्या खात्यात जमा झाल्याचं बघायचं, गर्दी असली तरी. आणि पिन मोबाईलच्या कव्हरमागे लिहू नका. हसू नका, आम्ही तीन जणींच्या कव्हरमागे तो वाचला आहे.

त्या ताईंचे पैसे काही परत आले नाहीत. तो हप्ता गटाने पुढे ढकलला. आता बैठकीत बचत गोळा झाली की आम्ही विचारतो, या महिन्यात कुणाला विचित्र फोन आला का? पहिल्यांदा कुणीच बोललं नाही. दुसऱ्या महिन्यात पाच जणी बोलल्या.