क्षार, लवण आणि थायोसल्फेट : भोपाळचे कागद वाचताना

वायुकांडावरचे हिंदी कागद मराठी माणसाने हातात घेतले की तो एका ओळखीच्याच शब्दापाशी अडतो : क्षार. आपण महाराष्ट्रातल्या शाळेत ‘आम्ल, आम्लारी आणि क्षार’ असं शिकलो. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार तयार होतो, म्हणजे मिठाच्या जातीचा पदार्थ. हिंदी पुस्तकात त्याला ‘लवण’ म्हणतात, आणि तिथे ‘क्षार’ म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा, आपण ज्याला अल्क म्हणतो तो. त्यामुळे कारखान्यात वायू निष्प्रभ करायला ठेवलेल्या कॉस्टिक सोड्याला हिंदी मजकुरात ‘क्षार’ म्हटलं असेल, तर मराठी वाचक तिथे मीठ समजून बसतो. भोपाळच्या मराठी घरांत दोन्ही पुस्तकं वाचलेली माणसं असतात, म्हणून हे आधी सांगून ठेवतो. या लेखात मी क्षार हा शब्द मराठी अर्थानेच वापरतो आहे.

आता ज्या क्षारासाठी हे लिहितोय तो : सोडियम थायोसल्फेट. नाव लांबलचक असलं तरी फोडून बघितलं की सोपं आहे. सल्फेटमध्ये गंधकाचा एक अणू आणि ऑक्सिजनचे चार. त्यातल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवला की नावाला ‘थायो’ लागतं. गंधकासाठीच्या ग्रीक शब्दावरून ते आलं आहे. म्हणजे हा जादा गंधक बाळगणारा क्षार. जुन्या फोटोवाल्यांना तो ‘हायपो’ म्हणून ठाऊक असतो, कारण कृष्णधवल फोटो पक्का करायला हाच वापरत.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला. नावाच्या शेवटी ‘एट’ असलं तरी तो क्षार नव्हे, आणि नावात ‘सायन’ आहे म्हणून तो सायनाइडही नव्हे. सायनाइडमध्ये कार्बन आणि नायट्रोजन एवढेच असतात. सायनेट गटात त्यांच्या जोडीला ऑक्सिजन येतो. एवढ्याशा फरकावर पुढे मोठा वाद झाला. गांधी मेडिकल कॉलेजचे न्यायवैद्यक विभागप्रमुख डॉ. हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्त चेरीसारखं लाल दिसलं. त्यांना सायनाइडची शंका आली आणि थायोसल्फेटची इंजेक्शनं द्यावीत असं त्यांनी सुचवलं. जर्मन विषतज्ज्ञ माक्स डाउंडरर हेही ते औषध घेऊन भोपाळला आले.

औषध का, तर त्या जादा गंधकामुळे. शरीरातलं ऱ्होडेनेज नावाचं विकर थायोसल्फेटमधला गंधक काढून सायनाइडला देतं. त्याचं थायोसायनेट होतं (पुन्हा ‘थायो’!). ते सायनाइडपेक्षा पुष्कळ कमी विषारी, आणि लघवीवाटे बाहेर जातं. म्हणून रुग्णाच्या लघवीत थायोसायनेट किती आलं, हेच पुराव्याचं माप ठरलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने चाचणी घेतली, आणि इंजेक्शननंतर लघवीतलं थायोसायनेट वाढल्याचं दिसल्यावर फेब्रुवारी १९८५ मध्ये हा उपचार करावा अशी शिफारस केली.

तरीही विरोध होताच. वायूने फक्त डोळे आणि फुप्फुसं भाजली असतील तर थायोसल्फेटचा उपयोग काय, असा एक पक्ष होता. उलट हे औषध लागू पडतंय म्हणजे विष रक्तात उतरलंय, आणि मग इजा सगळ्या शरीराची मानावी लागते. उपचारही त्यावर, भरपाईची मोजदादही त्यावर. सायनाइड नेमकं कुठून आलं यावर मतभेद राहिले. माझ्या मते मात्र तो वाद मिटेपर्यंत इंजेक्शन अडवून धरण्यात काही अर्थ नव्हता. जून १९८५ मध्ये ही इंजेक्शनं देणाऱ्या जन स्वास्थ्य केंद्रावर पोलिसांचा छापा पडला, डॉक्टरांना अटक झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

जुन्या चिठ्ठ्यांवर आणि अहवालांत हे पूर्ण नाव क्वचितच सापडतं. ‘एनएटीएस’ किंवा नुसतं ‘थायो’ दिसलं तर तो हाच क्षार समजा. ‘थायोसायनेट’ लिहिलं असेल तर ते औषध नव्हे, बहुधा लघवीच्या तपासणीचा आकडा असतो. घरात असा कागद असला तर त्यावरची तारीख आधी बघा : शिफारशीच्या आधीची आहे की नंतरची.