जिओकॅशिंग
जिओकॅशिंग (भूनिक्षेपशोध) : उपग्रहीय स्थाननिश्चितीच्या साहाय्याने दडविलेली पेटी शोधण्याचा मैदानी छंद. ‘कॅश’ म्हणजे येथे लपविलेला साठा; रोख रकमेशी त्याचा संबंध नाही.

डार्टमूर (इंग्लंड) येथील माळावर १८५४ पासून पेटी व चिठ्ठ्यांचा असाच खेळ चालत आला होता. तथापि या छंदाचा खरा उगम तांत्रिक आहे. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशांतील हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली व १०० मी. पर्यंत चुकणारे स्थान १०–२० मी. पर्यंत अचूक मिळू लागले. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले.

पेटीत नोंदवही व किरकोळ वस्तू असतात. शोधकाने वहीत नाव लिहावे, वस्तू घेतल्यास तोडीची दुसरी ठेवावी व पेटी जागच्या जागी लपवावी, असा संकेत आहे. स्थान अंश व मिनिटांत, मिनिटाच्या सहस्रांशापर्यंत देतात. नासिकच्या अक्षांशावर (सु. २०° उ.) हा सहस्रांश उत्तर-दक्षिण १·८५ मी., तर पूर्व-पश्चिम सु. १·७४ मी. भरतो. म्हणजे आकडे अचूक असले, तरी यंत्राच्या चुकीमुळे अखेरचे काही मीटर डोळ्यांनीच शोधावे लागतात. खोल घळीत कड्यांमुळे उपग्रह झाकले जाऊन ही चूक वाढते. त्र्यंबक, इगतपुरीकडील पावसात पेटी जलाभेद्य नसेल, तर वहीचा लगदा होतो.

नासिक परिसरात स्थळाची निवड जपूनच करावी लागते. देवळालीचा लष्करी परिसर वर्ज्य होय. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक असून तेथील खडकाच्या खाचेत डबा कोंबणेही गैर ठरते. पेटी पुरू नये, हा या छंदाचा नियम येथे विशेष महत्त्वाचा आहे. कारण या भूमीत खरे निक्षेप आहेत. जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सु. दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. संचय एकत्र राहिल्यानेच हे प्रमाण कळले व नहपानाच्या पराभवाला पुष्टी मिळाली. असे धन आढळल्यास १८७८ च्या गुप्तधन अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे; तेथे घेवाण-देवाणीचा संकेत लागू होत नाही.