आसरा, उपदेश आणि चौकशी

लंडनच्या पूर्व भागात, लाइमहाउसच्या गोद्यांजवळ, १८५७ च्या जूनमध्ये एक प्रशस्त इमारत उघडली. नाव लांबलचक होते: आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या लोकांसाठी ‘परक्यांचे घर’. पायाभरणी आदल्या वर्षी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी केली होती. देणगीदारांत पंजाबच्या गादीवरून उतरवलेले महाराजा दलीपसिंग होते. त्यांनी ५०० पौंड दिले. त्याच उन्हाळ्यात उत्तर हिंदुस्थानात कंपनी सरकारविरुद्ध वणवा पेटला होता आणि तिकडे लंडनमध्ये त्याच कंपनीच्या मुलखातल्या खलाशांसाठी गरम जेवणाची सोय होत होती. योगायोगच, पण डोक्यातून जात नाही.

हे खलाशी म्हणजे लस्कर. मुंबई-कलकत्त्याहून जहाजावर चढायचे, लंडनला माल उतरला की परतीच्या जहाजाची वाट पाहत बसायचे. कधी आठवडे, कधी महिने. पगार संपलेला, अंगावर थंडीचे कपडे नाहीत, भाषा येत नाही. कित्येक जण रस्त्यावर मेले. परक्यांच्या घराचा हेतू दुहेरी होता: स्वस्तात अंथरूण आणि परतीचे जहाज, आणि जमलेच तर ख्रिस्त. दुसऱ्या कामासाठी लंडन सिटी मिशनने जोसेफ सॉल्टर नावाचा आपला प्रचारक नेमला. सॉल्टर हिंदुस्थानी शिकला. गोद्यांत, खानावळींत, अफूच्या अड्ड्यांत हिंडला आणि १८७३ साली सोळा वर्षांच्या कामावर त्याने ‘द एशियाटिक इन इंग्लंड’ हे पुस्तक लिहिले. धर्मांतरे मोजकीच झाली. माहितीसाठी ते पुस्तक अमूल्य आहे, पण त्यात खलाशी बोलतात ते सॉल्टरच्या तोंडून. कोकणातल्या एखाद्या तांडेलाने घरी परतल्यावर या गोऱ्या उपदेशकाबद्दल ओटीवर बसून काय सांगितले असेल, ते आपल्यापर्यंत आलेले नाही.

आयांचेही तसेच. साहेबाची मुले सांभाळत बोटीवरून आलेली बाई इंग्लंडात उतरली की पुष्कळदा तिची गरज संपायची. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयांचे घर’ होते. १९०० साली तेही लंडन सिटी मिशनने हाती घेऊन हॅकनी भागात चालवले. तिथे हिंदुस्थानात परतणाऱ्या कुटुंबाशी गाठ घालून दिली जाई आणि प्रार्थनाही चाले. २०२२ साली त्या घराच्या भिंतीवर निळी स्मृतिपाटी लागली. पाटीवर आयांचा उल्लेख आहे. त्यांची नावे मात्र नाहीत.

या मुक्या यादीला एक दणदणीत अपवाद आहे, आणि तो आपला. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायला. वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या भगिनींनी त्यांना घर दिले. या भगिनींचे काम पुण्यातही चालू होते. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे वाद पेटला तो याच टप्प्यावर: आश्रयाला गेलेल्या विधवेला बाटवले की ती स्वतः विचार करून गेली? पण खरी गंमत बाप्तिस्म्यानंतर आहे. रमाबाईंनी मठाला सुखाने झोपू दिले नाही. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणून सांगितले, मांसाहार नाकारला, क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला म्हणून अडून बसल्या. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी नाक मुरडले, तेव्हा त्यांनी आपले स्वातंत्र्य चर्चच्या दावणीला बांधायला साफ नकार दिला. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्राच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापला. माझ्या मते युरोपातल्या परदेशी लोकांत चाललेल्या मिशनकार्याचा याहून मोलाचा दस्तऐवज नाही. कारण इथे उपदेश ऐकणारी बाई उलटून लिहिते आहे.

कॅथलिक चर्चची रीत निराळी. इटलीतून अमेरिकेला निघालेल्या गरिबांची दशा पाहून पिआचेंझाचे बिशप जोव्हानी बात्तिस्ता स्कालाब्रिनी यांनी १८८७ साली एक धर्मसंघ काढला. विचार साधा होता: माणूस परमुलखात गेला की त्याला त्याच्या भाषेतला धर्मगुरू द्या, नाहीतर तो श्रद्धाही गमावेल आणि माणूसपणही. १९५२ च्या ‘एक्सुल फामिलिया’ या पोपच्या फर्मानाने ही रीत नियम झाली. बाटवायचे कुणाला नाही, आपला माणूस सुटू द्यायचा नाही. आज पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडातल्या स्विंडनला स्थायिक झालेल्या गोवेकरांना कोंकणी मिस्सा हवी असते, ती याच रीतीतली. केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांना तर २०१६ साली ब्रिटनमध्ये स्वतंत्र धर्मप्रांतच मिळाला. त्याचे मुख्य चर्च प्रेस्टनला आहे: भाविक आटल्यामुळे बंद पडलेले जेझुइटांचे जुने चर्च मल्याळी परिचारिकांच्या कुटुंबांनी पुन्हा भरले.

युद्धानंतर तुर्की आणि उत्तर आफ्रिकेचे कामगार आले, तेव्हा मुख्य प्रवाहातल्या प्रोटेस्टंट चर्चांनी उपदेशापेक्षा सेवा आणि संवाद पत्करला. साम्राज्याची लाज त्यामागे होती, आणि जर्मनीत ज्यूंच्या संहाराचीही. ऱ्हाइनलँडच्या इव्हँजेलिकल चर्चने २०१८ साली तर स्पष्टच म्हटले की मुसलमानांशी संवाद हा धर्मांतरासाठी नसतो. यावर परंपरावादी मंडळी खवळली: मग सुवार्ता सांगायची कुणाला?

बर्लिनच्या श्टेग्लित्स भागातले एक छोटे लुथरन चर्च त्या खवळलेल्यांच्या बाजूचे. २०१५ साली जर्मनीत जवळपास नऊ लाख निर्वासित आले, त्या काळात तिथले पाळक गॉटफ्रीड मार्टेन्स यांच्याकडे शेकडो इराणी आणि अफगाण बाप्तिस्म्यासाठी आले. काही जण आश्रयाचा अर्ज मंजूर व्हावा या आशेने येतात, हे मार्टेन्स यांनी लपवले नाही. आपला वाचक इथे लगेच ‘प्रलोभन’ म्हणेल. सवयच आहे ती. पण पाहा: इराणात इस्लाम सोडणे जिवावर बेतू शकते, म्हणून धर्मांतरिताला परत धाडता येत नाही, हे मानवी हक्कांच्या कायद्याचे तत्त्व आहे. निवासाचा परवाना पाळकाच्या खिशात नसतो. आमिष असलेच तर ते सरकारी कागदात आहे, आणि ते काढून टाकायचे तर खऱ्या धर्मांतरितालाही फाशीच्या दारी सोडावे लागेल.

म्हणून श्रद्धेची परीक्षा घ्यायचे काम आता कारकुनाकडे आले आहे. दहा आज्ञा म्हणा, शिष्यांची नावे सांगा. ब्रिटनमध्ये एका इराण्याने सांगितले की त्याला बायबलच्या मुखपृष्ठाचा रंग विचारला गेला. असल्या पाठांतरात चोर सहज पास होतो आणि अडाणी भाविक नापास, ही तक्रार ब्रिटिश खासदारांच्या एका गटाने २०१६ च्या अहवालात मांडली. उलट बाजूही खरी आहे. २०२१ मध्ये लिव्हरपूलच्या महिला रुग्णालयाबाहेर टॅक्सीत स्फोट घडवणाऱ्या माणसाला त्या शहराच्या कॅथीड्रलमध्ये दीक्षा मिळाली होती. २०२४ मध्ये लंडनच्या क्लॅपहॅममध्ये एका धर्मांतरिताने केलेल्या क्षारहल्ल्यानंतर चर्च भोळे आहे की लबाड, यावर संसदेपर्यंत चर्चा गेली. चर्चवाल्यांचे उत्तर होते की परवाना सरकार देते, आम्ही नाही. उत्तर बरोबर आहे, पुरेसे नाही. पाळकाने लिहून दिलेल्या पत्राला न्यायालयात वजन असते, ते त्यालाही ठाऊक असते.

या सगळ्या गदारोळात मला स्वीडनचा एक खटला सर्वांत बोलका वाटतो. एक इराणी राजकीय आश्रय मागायला आला, तिथे ख्रिस्ती झाला आणि पहिल्या अर्जात धर्मांतराचा आधार घ्यायलाच तयार झाला नाही. ती माझी खासगी बाब आहे, असे त्याचे म्हणणे. अर्ज फेटाळला गेला. २०१६ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने निकाल दिला की धर्मांतराच्या परिणामांची तपासणी केल्याशिवाय त्याला परत पाठवता येणार नाही. श्रद्धा विकायला न काढणाऱ्या माणसालाही शेवटी ती सरकारी टेबलावर मांडावी लागली.

इटलीतल्या चर्चांनी ही अडचण टाळली. सांत एजिदिओ हा कॅथलिक समुदाय, वॉल्डेन्सियन आणि इतर प्रोटेस्टंट यांनी मिळून २०१६ पासून लेबनॉनमधल्या सीरियन निर्वासितांना विमानाने रीतसर व्हिसावर आणले. निवडीचा निकष हलाखी, धर्म नव्हे. आलेल्यांत बरेच मुसलमान आणि ते मुसलमानच राहिले. सॉल्टरला हे मिशनकार्य वाटले नसते. मला वाटते.

आता बाजू उलटली आहे. लंडनमध्ये नायजेरियाच्या मॅथ्यू अशिमोलोवो यांनी १९९२ साली काढलेले किंग्जवे केंद्र हजारोंनी भरू लागले. ब्राझीलच्या ‘युनिव्हर्सल चर्च’ने १९९५ साली पोर्तो शहरातले कोलिझेउ हे लाडके नाट्यगृह विकत घ्यायचा घाट घातला, तेव्हा पोर्तुगीज रस्त्यावर उतरले आणि व्यवहार फसला. ज्यांच्या पूर्वजांनी ब्राझील आणि गोव्यात क्रूस रोवला त्यांना परतफेड रुचली नाही. हे नवे प्रचारक म्हणतात की युरोपच आता सुवार्तेला पारखा झाला आहे. पण त्यांच्या रविवारच्या सभेत जाऊन पाहिले तर बाकांवर बहुतेक लागोस, आक्रा, साओ पावलोचीच माणसे असतात. स्थानिकांना मोठ्या संख्येने आत ओढले ते संडे अडेलाजा या नायजेरियनाने. तो पत्रकारिता शिकायला सोव्हिएत युनियनमध्ये आला होता. १९९४ साली त्याने कीव्हमध्ये चर्च काढले, आणि दारू व अमली पदार्थांनी खचलेल्या युक्रेनी माणसांपासून सुरुवात केली. पुढे ते चर्चही वादांत सापडले. लंडन-पॅरिसमध्ये तसे काही घडलेले नाही. तिथे आफ्रिकी पाळक गोऱ्यांना तारायला आल्याचे सांगतो आणि प्रत्यक्षात स्कालाब्रिनींचेच काम करतो.