एमडीची नशा आणि डोक्यात बसलेला संशय : कसे ओळखावे, काय करावे?



एरवी मी निबंध, व्याकरण, पाढे असं काहीतरी लिहिते. आजचा विषय वेगळा आहे, पण तो माझ्या वर्गातूनच आला.

माझ्या वर्गातली एक मुलगी काही दिवस बाकावर डोकं ठेवून झोपायची. गृहपाठ नाही, डोळे लाल. मी तिला दोनदा रागावले. तिसऱ्यांदा जवळ बसवून विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, दादा रातभर झोपत न्हाय. पत्र्यावर माणसं चढल्यात म्हणतो. लाईट बी लावू देत न्हाय."

दादा वीस-बावीस वर्षांचा, कंपनीत कामाला. घरच्यांना आधी वाटलं दारू असेल. पण तोंडाला वास नाही. मग कुणीतरी "बाहेरचं लागलंय" म्हणालं. देवऋषी झाला, अंगारा झाला, दाराला लिंबू बांधलं. यात आठ दिवस गेले. शेवटी नात्यातल्या एका नर्सताईंनी त्याला दवाखान्यात नेलं आणि उलगडा झाला. मुलगा मित्रांबरोबर 'एमडी' नावाची पावडर ओढत होता. (त्या घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ते आठ दिवस वाया गेले, कारण आपल्यापैकी कुणालाच हे ओळखता आलं नाही. मलाही नाही. म्हणून हा लेख.

एमडी म्हणजे काय?

एमडी म्हणजे मेफेड्रॉन. हे झाडापासून मिळत नाही, कारखान्यात रसायनांपासून बनवतात. म्हणून त्याला कृत्रिम उत्तेजक म्हणायचं. ते पहिल्यांदा १९२९ साली बनवलं गेलं. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली (एनडीपीएस) आलं. त्याला 'म्याव म्याव' असंही म्हणतात.

"हे मुंबई-पुण्याचं, आपल्या भोर-वेल्ह्यात कुठं?" असं वाटत असेल, तर फेब्रुवारी २०२४ आठवा. पुणे पोलिसांनी विश्रांतवाडी, दौंड तालुक्यातली कुरकुंभ एमआयडीसी आणि थेट दिल्लीपर्यंत छापे घातले. १,७०० किलोंहून जास्त मेफेड्रॉन सापडलं. किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांच्या वर. माल बनत होता आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यात. आपली पोरं शिरवळ, खेड-शिवापूर, पुण्याला कामाला जातात, चार-चार जण खोली करून राहतात. पुडी गावात यायची गरज नाही, पोरगं तिच्यापर्यंत पोहोचलेलं असतं.

डोक्यात नेमकं काय होतं?

आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं. आनंद, उत्साह आणि 'ही गोष्ट महत्त्वाची आहे' ही जाणीव यांच्याशी त्याचा संबंध आहे. उत्तेजक पदार्थ घेतला की ते एकदम खूप वाढतं. सुरुवातीला तरतरी येते, झोप-भूक पळते, बडबड वाढते. एमडीचा अंमल साधारण दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा घेतो. दोन-तीन रात्री जागरण होतं.

आता मेंदूला प्रत्येक गोष्ट 'महत्त्वाची' वाटायला लागते. कुत्रं भुंकलं, ते माझ्यामुळेच. शेजारी हसला, तो माझ्यावरच. मोबाईल वाजला म्हणजे कुणीतरी माग काढतंय. खरं आणि मनातलं यातला फरक पुसला जातो. या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. हे नवीन नाही. १९५८ साली लंडनमध्ये डॉ. फिलिप कॉनेल यांनी अँफेटामिन या उत्तेजकामुळे असं झालेल्या ४२ रुग्णांवर पुस्तक लिहिलं. अंगातून औषध उतरलं की बहुतेकांचे भास थोड्याच दिवसांत ओसरले, असं त्यांना दिसलं.

हे लक्षात ठेवा : तो ढोंग करत नसतो. पत्र्यावर माणसं नसतात, पण त्याची भीती शंभर टक्के खरी असते.

ओळखायचं कसं?

आधीच्या खुणा :
- रात्र-रात्र जागणं, मग एक-दोन दिवस मेल्यासारखं झोपणं
- भूक नाही, वजन झपाट्याने उतरणं
- डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, दात खाणं, घाम, छातीत धडधड
- नाक सारखं चोळणं, नाकातून रक्त येणं
- पैसे, वस्तू गायब होणं. मित्र अचानक बदलणं

सायकोसिस सुरू झाल्याच्या खुणा :
- "माझ्या मागावर आहेत", "जेवणात काहीतरी घातलंय" असा पक्का संशय
- कुणी नसताना आवाज ऐकू येणं, उत्तरं देणं
- कातडीखाली किडे चालतात असं वाटून खाजवून जखमा करणं
- खिडक्या झाकणं, मोबाईल उघडून बघणं, उशाशी कोयता-काठी ठेवणं

यातली एखादी खूण दिसली म्हणून लगेच एमडी असं समजू नका. परीक्षेच्या काळात मुलं जागतातच. खुणा एकत्र दिसल्या आणि वागणं काही दिवसांत बदललं, तर सावध व्हा. नशेशिवायही सायकोसिस होतो. तो कशामुळे झाला हे ठरवणं डॉक्टरांचं काम. आपलं काम रुग्णाला त्यांच्यापर्यंत पोहोचवणं.

त्या वेळी काय करावं?

१. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी पाठवा. कोयता, विळी, कुऱ्हाड गुपचूप हलवा.

२. टीव्ही बंद, गर्दी कमी. एकानेच बोलायचं, ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याने.

३. दोन हात अंतर ठेवा. मागून जाऊन धरू नका. दारात आडवे उभे राहू नका, नाहीतर त्याला कोंडल्यासारखं वाटेल.

४. वाद घालू नका, आणि होला हो पण करू नका. "पत्र्यावर कुणी नाही, गप बस" म्हटलं तर तुम्हीही त्याचे शत्रू ठरता. "हो, आहेत खरे" म्हटलं तर भ्रम पक्का होतो. असं म्हणा : "मला कुणी दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतंय. मी आहे इथं. आपण डॉक्टरांकडे जाऊ, झोप लागेल."

५. पाणी द्या. घरातल्या कुणाच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका.

६. १०८ ला फोन करा. कुणाच्या जिवाला धोका वाटला तर ११२.

अंग तापाने फणफणणं, छातीत दुखणं, झटके येणं, माणूस-जागा न ओळखणं, मरणाची भाषा बोलणं, यातलं काहीही दिसलं तर एक मिनिटही थांबू नका. झटके येऊन गेल्यावर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-कांदा काही घालू नका.

काय करू नये?

मारू नका, साखळीने बांधू नका, खोलीत कोंडू नका. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार मानसिक रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवावरची श्रद्धा आपल्या जागी असू द्या. घरी दिवा लावा, पण रुग्णाला दवाखान्यात न्या.

दवाखान्यात काय सांगायचं?

खरं सांगायचं. "जागरण झालंय", "टेन्शन आहे" एवढंच सांगितलं तर उपचार चुकीच्या दिशेने जातात. काय घेतलं, कधीपासून, शेवटचं कधी, सोबत दारू-गोळ्या होत्या का, हे सगळं सांगा. लोक पोलीस केसला घाबरतात. पण व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देणारं कलम (६४ अ) एनडीपीएस कायद्यातच आहे.

भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधी तपासणी होऊ शकते. पुढे पुण्यात ससून आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे शांत करणारी, भास कमी करणारी औषधं देतात. बऱ्याच जणांचे भास काही दिवसांत, काहींचे काही आठवड्यांत ओसरतात. महिन्यानंतरही राहिले तर पुन्हा नीट तपासणी लागते.

व्यसनमुक्ती केंद्र ही दुसरी पायरी. भास सुरू असताना आधी रुग्णालय, मग केंद्र. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे काम करत आहे. एमडी सोडवणारी कुठली जादूची गोळी नाही. समुपदेशन, घरच्यांची साथ आणि जुनी संगत तोडणं यावरच भर असतो. नशा उतरल्यावरचे दिवसही जपायचे असतात. माणूस खचतो, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. त्याला एकटं सोडू नका. आणि एकदा सायकोसिस झालेल्याला पुढे थोड्याशा नशेनेही तो परत होऊ शकतो, हे त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

आपण शिक्षकांनी काय करायचं?

घरात असं चालू असलं की त्याची झळ सर्वात आधी लहान मुलाला बसते. पेंगणं, दचकणं, घरी जायला टाळाटाळ, डबा नसणं. अशा वेळी रागावण्याआधी एकदा जवळ बसवून विचारा, "रात्री झोप झाली का?" वर्गासमोर विचारू नका. मुलाने सांगितलेलं स्टाफरूममध्ये चघळू नका. पालकांना भेटताना "तुमचा मुलगा नशेडी" असा शब्द काढू नका, "तो आजारी आहे, उपचार आहेत" असं सांगा. मूल असुरक्षित असेल तर १०९८.

हे नंबर शाळेच्या फलकावर लिहून ठेवा :
- टेली मानस (मानसिक आरोग्य, २४ तास, मराठीत) : १४४१६
- व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६
- रुग्णवाहिका : १०८
- पोलीस : ११२
- चाइल्डलाइन : १०९८

त्या मुलीचा दादा आता बरा आहे. औषधं चालू आहेत, पुण्याची खोली सोडली, घरून कामाला जातो. मुलगी वर्गात झोपत नाही. परवा तिने गृहपाठ दाखवला आणि म्हणाली, "बाई, काल लाईट लावून केला."

मी त्या वहीवर 'छान' लिहिलं. पण पहिल्या दोन वेळी मी रागावले होते, हे मला विसरता येत नाही. तुमच्या वर्गात असं एखादं मूल असेल तर तुम्ही पहिल्याच वेळी विचारा.